कोकणातील बागेत कुंतीची छाटणी: आधी आतून विरळणी, मग बाहेरून आकार

कोकणात अंगणाच्या कडेला किंवा चिऱ्याच्या गडग्यालगत जी सदाहरित झुडपे लावली जातात, त्यांत कुंतीचा मान वरचा आहे. रोपवाटिकेत ती बहुधा कामिनी या नावाने मिळते. गडद चकचकीत पाने, पावसाच्या सरीनंतर एकाएकी फुलणारी सुगंधी पांढरी फुले, त्यांच्यामागून येणारी बारीक शेंदरी-लाल फळे आणि कितीही कापले तरी पुन्हा फुटण्याची जिद्द या गुणांमुळे, थंड देशांतील बागांत हॉलीच्या झुडपांकडून जे काम घेतले जाते, ते येथे कुंती करते. एका बाबतीत तर ती अधिक सोयीची आहे. हॉलीची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने फळांसाठी दोन्ही जवळपास असावी लागतात. कुंतीचे फूल द्विलिंगी असल्यामुळे एकटे झाडही फळते.

हॉलीच्या छाटणीचे सल्ले मात्र जसेच्या तसे येथे चालत नाहीत. त्या प्रदेशांत हिवाळ्यात झाड विसावते आणि त्या विसाव्यात छाटणी उरकता येते. कोकणच्या किनारपट्टीवर झाडाला तसा गाढ विसावा मिळतच नाही. येथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे कात्री कधी लावायची हे थंडीवर नव्हे, तर पावसावर ठरवावे लागते.

कुंपणाची तपासणी

हत्यार हातात घेण्यापूर्वी कुंपणाच्या फांद्या दोन्ही हातांनी बाजूला सारून आत पाहावे. अनेक ठिकाणी बाहेरून भरगच्च दिसणाऱ्या कुंतीत हिरवा थर जेमतेम वीतभर जाडीचा असतो आणि त्याच्या आत नुसत्या वाळक्या काड्या, अडकलेला पातेरा आणि जुनी कोळिष्टके असतात. वर्षानुवर्षे मोठ्या कात्रीने केवळ वरवरची कापणी केल्याचा हा परिणाम आहे. फांदीचा शेंडा शाबूत असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्यांच्या अंकुरांना, दाबून ठेवतो, कारण शेंड्यात तयार होऊन खाली उतरणारे ऑक्सिन हे संप्रेरक त्या डोळ्यांची वाढ रोखते. शेंडा कापला की हा दाब जातो आणि कापाच्या लगत खाली असलेले दोन-तीन डोळे एकदम फुटतात. दर वेळी त्याच पातळीवर कापत गेल्यास फुटवे त्याच थरात दाटतात, आत ऊन पोहोचत नाही आणि आतली पाने गळून जातात.

कोरड्या हवेच्या प्रदेशात एवढ्यावर निभावते. कोकणात असा दाट कवचाचा आतला भाग चार महिने ओला राहतो, वारा फिरत नाही, बुरशी बळावते आणि खवले किडीला हक्काचा आसरा मिळतो. तिच्या चिकट स्रावावर पुढे काजळी धरते. सालीवर दिसणारे दगडफूल आणि शेवाळ मात्र निरुपद्रवी असतात. ते खरवडून काढण्याच्या नादात साल जखमी करू नये.

म्हणून या लेखातील मुख्य आग्रह असा की, दर वर्षी आधी आतून विरळणी करावी आणि मगच बाहेरून आकार द्यावा. क्रम उलटा झाला तर आकार दोन महिन्यांत बिघडतो आणि झाडाचे वय वाढेल तसे ते बुडापासून उघडे पडत जाते.

छाटणीचे दिवस

जड छाटणी, म्हणजे जाड फांद्या काढणे, उंची मोठ्या प्रमाणात उतरवणे किंवा जुने झाड नवे करणे, मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. त्याआधी कापांना वाळायला किमान तीन आठवडे मिळतात आणि हवेत दमटपणा वाढू लागताच डोळे जोमाने फुटतात. हेच काम मार्चमध्ये केल्यास सावलीत वाढलेली आतली साल एकाएकी उन्हात येते आणि एप्रिलच्या तापाने भाजून तडकते. नाइलाजाने मार्चमध्ये करावेच लागले, तर उघड्या पडलेल्या खोडांना पातळ चुन्याचा हात द्यावा. रोहिणी नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण २५ मेनंतर, मोठी फांदी कापू नये. राहिलेले काम पावसानंतर करावे.

भर पावसात मोठी जखम करणे सर्वांत वाईट, कारण ती आठवडेच्या आठवडे वाळत नाही आणि बुरशीला लाकडात शिरायला वाट मिळते. पण कोकणात नेमकी याच काळात कुंपणे सर्वाधिक कापली जातात. गणपतीला चाकरमानी मंडळी घरी येण्यापूर्वी घराचा परिसर नीट दिसावा म्हणून श्रावणात कोयता चालवला जातो. ही हौस समजण्यासारखी आहे आणि ती मोडायचे कारण नाही. फक्त तेव्हा कोवळे, हिरवे, पेन्सिलीहून बारीक शेंडेच काढावेत आणि तेही दोन दिवस उघडीप असेल तेव्हा. वाटेवर झुकलेली जाड फांदी अडचणीची वाटली, तर सुंभाने मागे बांधून ठेवावी आणि दसऱ्यानंतर कापावी.

आकाराची दुसरी, हलकी छाटणी हस्ताचा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये करावी. पावसाळ्यात वाढलेले लांब, लवचीक फुटवे तेव्हा काहीसे पक्व झालेले असतात आणि रेषा नेमकी धरता येते. ज्यांना फळे हवी असतील त्यांनी या वेळी झाडाचा निदान एक भाग न कापता सोडावा, कारण कुंतीची फुले नव्या फुटव्यांच्या टोकांना येतात आणि टोके कापली की पुढची फळेही गेली. सतत काटेकोर कापलेली कुंती फुलत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण हेच.

हत्यारे

चार गोष्टी पुरतात: बोटाएवढ्या फांदीपर्यंत चालणारी, एक पाते दुसऱ्याच्या कडेने घासून जाणारी छाटणीची कात्री; त्याहून जाड फांद्यांसाठी बारीक दात्यांची वाकडी करवत; आकारासाठी दोन्ही हातांनी चालवायची लांब पात्यांची कात्री; आणि रेषेसाठी दोरी. कोयता नारळाच्या झावळ्यांसाठी उत्तम आहे, परंतु कुंतीचे लाकूड कठीण असल्यामुळे त्याच्या घावाने फांदी चिरते आणि साल सोलून निघते. गवत कापण्याचे पेट्रोलवरचे यंत्र कुंपणावर आडवे फिरवण्याची नवी पद्धत तर त्याहून वाईट. त्यातून निघालेली टोके कापलेली नसतात, ठेचलेली असतात.

खाऱ्या हवेत पाती लवकर गंजतात. काम संपल्यावर चीक पुसून, पाती कोरडी करून त्यांवर तेलाचा हात फिरवावा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना, विशेषतः पहिल्यावर रोगट फांदी दिसली असेल तर, पाती स्पिरिटने पुसून घ्यावीत.

कामाला लागण्यापूर्वी काठीने कुंपणाचा बुंधा आणि खालचा पातेरा नीट हलवून घ्यावा. कातळाच्या, चिऱ्यांच्या भागात फुरसे हा विषारी साप आढळतो आणि गडग्याच्या फटी व सुका पातेरा ही त्याची आवडती जागा आहे. म्हणून पायांत बूट आणि हातांत जाड मोजे असल्याशिवाय आत हात घालू नये. गांधीलमाश्यांची पोळीही पाहून घ्यावीत. बुलबुलासारखे पक्षी उन्हाळ्यात अशाच दाट झुडपांत वीण करतात. अंडी किंवा पिल्ले असलेले घरटे आढळल्यास त्याच्या आजूबाजूचा भाग सोडून बाकीचे काम करावे आणि तो कोपरा ऑक्टोबरसाठी राखावा.

आतून विरळणी

प्रथम वाळलेल्या, किडलेल्या आणि मोडलेल्या फांद्या काढाव्यात. यासाठी विचार करावा लागत नाही आणि एवढ्यानेच झुडपाचा सांगाडा डोळ्यांना दिसू लागतो. त्यानंतर एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी जी आत वळलेली असेल ती काढावी. बुंध्यातून सरळ उभे, लांब पेरांचे जे पानसोट येतात, ते जागा भरण्यासाठी उपयोगी नसतील तर मुळापासून काढावेत. उपयोगी असतील तर निम्मे कापून ठेवावेत, म्हणजे ते फांदतील.

मग विरळणीचे खरे काम येते. कुंपणाच्या पृष्ठभागावर जेथे जेथे फुटव्यांचा गुच्छ झाला असेल, तेथे कात्री आत घालून त्या गुच्छाचा आधार असलेली फांदी पृष्ठभागापासून वीतभर आत, बाजूची दुसरी जिवंत फांदी फुटते त्या सांध्यावर कापावी. पृष्ठभागावर मुठीएवढे भोक पडेल. अशी भोके हात-दीड हाताच्या अंतराने सर्वत्र पाडावीत. पाहताना कुंपण विस्कटल्यासारखे वाटते आणि घरातील वडीलधारी मंडळी हटकून विचारतात की हे काय चालवले आहे. परंतु या भोकांतून ऊन आत गेले की आतले निजलेले डोळे जागे होतात आणि पावसाळा संपेपर्यंत पोकळी हिरवी होऊ लागते. एका वेळी झाडाच्या एकूण हिरव्या भारापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काढू नये.

प्रत्यक्ष काप कोठे घ्यावा, याबाबत कुंतीत एक घोटाळा होतो. तिचे पान संयुक्त असते. एका देठावर तीन ते नऊ पर्णिका एकाआड एक लागलेल्या असतात आणि नवख्या माणसाला प्रत्येक पर्णिका हेच स्वतंत्र पान वाटते. डोळा पर्णिकेच्या बेचक्यात नसतो, संपूर्ण देठ जेथे फांदीला चिकटतो तेथे असतो. तो शोधून त्याच्या वर साधारण अर्धा सेंटिमीटर अंतरावर, डोळ्याच्या विरुद्ध बाजूला उतार राहील असा तिरका काप घ्यावा. फार जवळ कापल्यास डोळा वाळतो आणि फार लांब कापल्यास उरलेला खुंट कुजत जाऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. बाहेरच्या दिशेला तोंड असलेला डोळा निवडावा; भगदाड भरायचे असेल तेव्हा मात्र भगदाडाकडे पाहणारा डोळा धरावा.

तीन सेंटिमीटरहून जाड फांदी एका दमात कापू नये, कारण ती स्वतःच्या वजनाने मोडताना खालची साल खोडापर्यंत ओरबाडून नेते. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश खोलीपर्यंत करवत चालवावी, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून फांदी खाली पाडावी आणि शेवटी राहिलेला खुंट खोडालगतच्या फुगीर वळीच्या बाहेरून कापावा. ही वळी शाबूत राहिली तर जखमेवर कडेने नवी साल चढत येते. ती कापली गेली तर जखम भरून यायला फार वेळ लागतो.

मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावावी. सुपारीवरच्या कोळे रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या बागायतदारांना हे नवीन नाही. फरक एवढाच की फवारणीचे मिश्रण एक टक्का असते आणि पेस्ट दहा टक्के. घरच्या बागेसाठी १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवावा; चुना थंड झाल्यावर दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. पेस्ट त्याच दिवशी वापरावी आणि मुलांच्या व गुराढोरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी काळजी घ्यावी.

बाहेरून आकार

सरळ कुंपणासाठी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून, हव्या त्या उंचीवर दोरी ताणावी आणि पाणसळीने तपासावी. कोकणातली जमीन अनेक ठिकाणी उताराची असते. तेथे दोरी जमिनीला समांतर धरावी की समपातळीत, हे आधी ठरवावे. माझे मत असे की, उतार सौम्य असेल तर समांतर रेषा घराशी अधिक जुळते आणि उतार जास्त असेल तर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेले कुंपण बरे दिसते.

बाजू कापताना बुंध्याकडे रुंद आणि वर अरुंद असा उतार ठेवावा. चार फूट उंचीच्या कुंपणाला तळाशी अडीच फूट आणि माथ्यावर पावणेदोन फूट रुंदी पुरे. बाजू अगदी उभ्या ओळंब्यात ठेवल्या तर वरचा भाग जोमाने वाढून खालच्या भागावर सावली धरतो आणि तळ उघडा पडतो. कापणी नेहमी खालून वर करावी, म्हणजे तुटलेले शेंडे खाली पडत जातात आणि पुढची रेषा स्पष्ट दिसते. माथा सपाट न ठेवता किंचित गोलसर ठेवणे कोकणात हिताचे; मुसळधार पावसाचे पाणी आणि शेजारच्या आंब्याफणसाचा पाला त्यावर साचून राहत नाही.

समुद्राच्या अगदी जवळ असलेल्या बागांत वाऱ्याकडील बाजू निराळी हाताळावी. खाऱ्या वाऱ्याने तिकडची पाने कडांनी करपतात, परंतु तीच पाने मागच्या पानांना आडोसा देत असतात. करपलेली दिसतात म्हणून ती कापून टाकल्यास पुढच्या वाऱ्यात आतला कोवळा भाग करपतो. त्या बाजूला फक्त विरळणी करावी, रेषेची हौस घराकडील बाजूला भागवावी आणि कोरड्या दिवसांत अधूनमधून गोड्या पाण्याने पाने धुवावीत.

एकट्या झुडपाला गोल आकार देताना माथ्यावर मध्यबिंदू ठरवून तेथून चारही दिशांना चार पट्टे कापून घ्यावेत आणि मग मधले भाग त्यांच्याशी जुळवावेत. दर काही कापांनंतर दहा पावले मागे येऊन पाहावे.

जुने झाड आणि नवे रोप

वीस-पंचवीस वर्षांची, वर झेपावलेली आणि बुंध्यात उघडी पडलेली कुंती उपटून टाकण्याची घाई करू नये. ती जुन्या लाकडातूनही फुटते. पहिल्या वर्षी मे महिन्यात सर्वांत जाड अशा एक तृतीयांश खोडांना जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी उरलेली खोडे त्याच हिशेबाने घ्यावीत. कापलेल्या खोडांतून भरमसाट फुटवे येतात, त्यांपैकी प्रत्येक खोडावर चार-पाच सुस्थितीत असलेले ठेवून बाकीचे पावसाची उघडीप पाहून हाताने मोडून टाकावेत. सगळी खोडे एकाच वर्षी कापण्याचा मोह होतो. निरोगी झाड तेही सोसते, पण अशक्त झाडाला तो घाव जड जातो आणि अंगण दोन वर्षे उघडे पडते ते वेगळेच.

नव्या कुंपणासाठी रोपे जूनमध्ये दीड ते दोन फुटांवर लावावीत. रोप रुजून नवी पाने दिसली की त्याचा शेंडा जमिनीपासून वीतभर उंचीवर खुडावा. हे जिवावर येते, पण तळापासून दाट कुंपण हवे असेल तर याला पर्याय नाही. पुढे फुटवे वीतभर वाढले की निम्मे कापावेत आणि हवी ती उंची एकदम न गाठता दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठावी.

छाटणीनंतरची निगा

मे महिन्यातील जड छाटणीनंतर बुंध्याभोवती आळे करून प्रत्येक झाडाला घमेलेभर कुजलेले शेणखत द्यावे आणि पहिला पाऊस येईपर्यंत दर तीन-चार दिवसांनी शिंपण चालू ठेवावे. त्यावर पातेऱ्याचा किंवा नारळाच्या सोडणांचा थर द्यावा, मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. पावसाळा लागल्यावर आळे मोडून पाण्याला वाट करून द्यावी. किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूत वाढणाऱ्या कुंतीची नवी पाने शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी दिसू लागली, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते; तेथे चुना किंवा राख घालू नये, शेणखत आणि पानांचे खत वाढवावे.

परसात लिंबाचे झाड असेल तर आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. कुंती, कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातील आहेत, आणि लिंबूवर्गीय झाडांवर ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सायला ही बारीक कीड कुंतीच्या कोवळ्या फुटव्यांवर आवडीने वाढते. छाटणीनंतर असे फुटवे एकाच वेळी मोठ्या प्रमाणात येत असल्याने किडीचे फावते. नवे शेंडे वाकडे झालेले आणि त्यांवर पांढरे मेणचट धागे दिसले, तर ते शेंडे लगेच खुडून पिशवीत बंद करून नष्ट करावेत आणि पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी. त्यासाठी निंबोळीची ५०० ग्रॅम भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी आणि पाऊस नसताना सायंकाळी फवारावी. कुंपण लांब असेल तर सगळे एकदम न छाटता त्याचे दोन भाग करून पंधरा दिवसांच्या अंतराने छाटावे, म्हणजे कोवळ्या पालवीचा लोंढा विभागला जातो.

कापलेल्या काड्या आणि पाला, रोगट भाग वगळून, खताच्या खड्ड्यात जाऊ द्यावा. जाड खोडे जाळू नयेत. कुंतीचे लाकूड कठीण आणि बारीक पोताचे असते आणि खुरप्याच्या किंवा कोयतीच्या मुठीसाठी ते चांगले उपयोगी पडते. तुकडे हव्या त्या लांबीपेक्षा चार बोटे जास्त ठेवून कापावेत, दोन्ही टोकांना मेण चोपडून माळ्यावर सावलीत हळूहळू सुकू द्यावेत आणि पुरते सुकल्यावर तडकलेली टोके कापून मग मूठ घडवावी.